शाळेच्या उपयोगी पडणारी संगणकाची भाषा : पायथन आणि तिच्या चौकटी

प्राथमिक शिक्षकाचा दिवस फळ्यापाशी सुरू होतो आणि नोंदवहीपाशी संपतो, हा आपणा सर्वांचा नित्याचा अनुभव आहे. हजेरी, पोषण आहाराचा हिशेब, साठ्याची नोंद, मूल्यमापनाच्या श्रेणी, मासिक पत्रके अशी अनेक कामे शिकविण्याच्या जोडीने करावी लागतात. २०१५ साली राज्यात ‘सरल’ प्रणाली सुरू झाली आणि पुढे ‘यू-डायस प्लस’ आले. तेव्हापासून यांपैकी पुष्कळशी माहिती संगणकावर भरावी लागते. संगणक शाळेत आला. परंतु बहुतेक ठिकाणी शिक्षक त्याला माहिती पुरवितो आणि संगणक ती वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवितो, एवढाच दोघांचा संबंध राहिला. तोच संगणक शिक्षकाच्या स्वतःच्या अडचणी सोडवू शकेल काय, आणि त्यासाठी शिक्षकाने काय शिकावे लागेल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. प्रश्न कोणता?

भाषा शिकण्यापूर्वी त्या भाषेत काय बोलावयाचे आहे, हे ठरलेले असावे. म्हणून एक प्रश्न समोर ठेवू. आपल्या भंडारा जिल्ह्यात धानाचा हंगाम आटोपला की काही कुटुंबे मजुरीसाठी परगावी जातात. चैत्र-वैशाखात मोहफुले व तेंदूपाने वेचण्यासाठी आईबापांबरोबर मुलेही पहाटेच रानात जातात. असे मूल शाळेतून एकाएकी नाहीसे होत नाही. प्रथम एक दिवस येत नाही, मग दोन दिवस येत नाही आणि पुढे आठवडा रिकामा जातो. हजेरीपटावर या खुणा असतातच. परंतु महिनाअखेरीस बेरीज करताना आपले लक्ष एकूण उपस्थितीकडे असते, आणि त्या वेळी ते मूल गाव सोडून गेलेले असते. सलग तीन दिवस न आलेल्या मुलांची नावे त्याच दिवशी दुपारी शिक्षकाच्या हाती आली, तर संध्याकाळी त्यांच्या घरी जाता येते. एवढ्या एका कामासाठी संगणकाची भाषा शिकली, तरी श्रम सार्थकी लागतील.

२. स्क्रिप्टिंग भाषा म्हणजे काय?

संगणकाला द्यावयाच्या आज्ञा ज्या भाषेत लिहितात, तिला प्रोग्रामिंग भाषा म्हणतात. अशा भाषांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील भाषेत लिहिलेला मजकूर आधी संपूर्णपणे यंत्राच्या भाषेत रूपांतरित करावा लागतो आणि नंतर तो चालविता येतो. ‘सी’ ही भाषा या वर्गातील होय. दुसऱ्या वर्गात लिहिलेला मजकूर तसाच एका दुभाष्यापुढे ठेवावयाचा असतो; दुभाषी तो वाचतो आणि तेथल्या तेथे अमलात आणतो. हा दुभाषी म्हणजेही एक प्रोग्रामच. या दुसऱ्या वर्गातील भाषांना सामान्यतः स्क्रिप्टिंग भाषा म्हणतात. पायथन, जावास्क्रिप्ट, पीएचपी व रूबी या त्यांतील प्रसिद्ध भाषा होत.

नवशिक्याला दुसरा वर्ग सोयीचा पडतो. एक ओळ लिहावी, चालवून पाहावी, चूक दिसल्यास दुरुस्त करावी, असे शिकता येते. पाटीवर गणित मांडून पुसण्यासारखेच हे आहे.

पायथन ही भाषा नेदरलँड्समधील गिडो व्हान रॉसम यांनी तयार केली. १९८९ च्या नाताळच्या सुटीत त्यांनी काम आरंभिले आणि १९९१ साली भाषेची पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली. तत्पूर्वी ते ॲमस्टरडॅम येथील गणितसंस्थेत ‘एबीसी’ नावाच्या भाषेवर काम करीत असत. ती भाषा नवशिक्यांना शिकविता यावी म्हणून रचलेली होती. तिचे काही गुण पायथनमध्ये उतरले. त्यांतील एक असा की, कोणती आज्ञा कोणत्या आज्ञेच्या पोटात येते हे समासाच्या अंतरावरून ठरते. मुलांना परिच्छेद लिहिताना आपण समास सोडावयास सांगतो. येथे समास चुकला तर अर्थच बदलतो. सापाशी या नावाचा संबंध नाही. एका इंग्रजी विनोदी नटसंचाच्या नावावरून ते घेतले आहे.

या भाषेचे राखीव शब्द सुमारे पस्तीस आहेत. ते इंग्रजी आहेत, ही अडचण खरी. परंतु पस्तीस शब्द पाठ करणे आपल्यापैकी कोणासही अशक्य नाही. आपण निर्माण केलेल्या गोष्टींना मात्र मराठी नावे देता येतात. ‘हजर’, ‘तांदूळ’, ‘गैरहजर’ अशी देवनागरी नावे पायथन स्वीकारते.

३. पहिला पाठ : पोषण आहाराचा हिशेब

आपल्या नित्य परिचयाचे उदाहरण घेऊ. शालेय पोषण आहारात इयत्ता १ ली ते ५ वीच्या विद्यार्थ्यास दर दिवशी १०० ग्रॅम व ६ वी ते ८ वीच्या विद्यार्थ्यास १५० ग्रॅम धान्य, असे प्रमाण आहे. लहान गटात ४२ व मोठ्या गटात ३१ विद्यार्थी हजर असतील, तर किती तांदूळ काढावा?

हे काम संगणकाकडून करवून घेण्यासाठी त्याचे पायऱ्यांत विभाजन करावे :

१. लहान गटाची उपस्थिती विचार.
२. मोठ्या गटाची उपस्थिती विचार.
३. पहिल्या संख्येला १०० ने व दुसरीला १५० ने गुण.
४. दोहोंची बेरीज कर.
५. बेरजेला १००० ने भागून किलो व उरलेले ग्रॅम दाखव.

उत्तर ४,२०० अधिक ४,६५०, म्हणजे ८ किलो ८५० ग्रॅम येते. पायथनमध्ये या पाच पायऱ्यांसाठी जवळजवळ तितक्याच ओळी लागतात.

येथेच नवशिक्याची पहिली चूक होते. आपण कळफलकावर ४२ लिहिले की यंत्र ते अक्षरे म्हणून घेते, संख्या म्हणून नव्हे. त्या अक्षरांना १०० ने गुणावयास सांगितले, तर पायथन ४२ हा मजकूर एकापुढे एक असा शंभर वेळा लिहून दाखविते! म्हणून मजकुराचे संख्येत रूपांतर करण्याची आज्ञा आधी द्यावी लागते. तोंडी सांगितलेला ‘बेचाळीस’ आणि मोजलेल्या बेचाळीस गोट्या यांतील भेद पहिलीच्या मुलाला समजावून देणाऱ्या शिक्षकास हा मुद्दा चटकन उमगेल. ही रूपांतराची आज्ञा देवनागरी अंकही ओळखते. ‘४२’ असे मराठीत लिहिले तरी चालते.

४. दुसरा पाठ : सलग गैरहजेरी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे एक मोजणी ठेवावयाची. आरंभी ती शून्य असते. दिवसामागून दिवस वाचीत जावे. मूल हजर असेल तर मोजणी पुन्हा शून्य करावी. गैरहजर असेल तर मोजणीत एक मिळवावा. मोजणी तीनवर पोचताच ते नाव यादीत घालावे. ‘जर… तर’ आणि ‘प्रत्येकासाठी पुन्हा कर’ अशा दोनच प्रकारच्या आज्ञांनी हे काम होते, आणि पुढील कोणत्याही मोठ्या प्रोग्रामचा कणा याच दोन आज्ञा असतात.

परंतु एवढ्यावर काम भागत नाही. एक मूल शुक्रवारी व शनिवारी आले नाही, मध्ये रविवारची सुटी गेली आणि सोमवारीही ते आले नाही, असे समजू. रविवारच्या रकान्यात काय लिहावयाचे? तो दिवस हजेरीचा धरला, तर मोजणी शून्य होईल आणि सोमवारी मूल यादीत येणार नाही. गैरहजेरीचा धरला, तर रविवारीच नाव यादीत येईल; शिवाय दिवाळीच्या सुटीत साऱ्या वर्गाची नावे छापली जातील. म्हणून सुटी हा तिसरा प्रकार मानावा लागतो : त्या दिवशी मोजणीला हातच लावावयाचा नाही. मग सोमवारी मोजणी बरोबर तीन होते.

हा बारकावा भाषेने शिकविला नाही. शाळेच्या अनुभवाने शिकविला. दूरच्या शहरातील निष्णात प्रोग्रामरला कदाचित तो सुचणारही नाही. प्रोग्राम लिहिणे म्हणजे आपल्या कामाचा बारकाईने विचार करणे होय, आणि तो विचार ते काम करणाऱ्यालाच उत्तम साधतो.

५. देवनागरी अक्षरांविषयी

मराठी नावांच्या बाबतीत काही गोष्टी आधीच ठाऊक असाव्यात. जगातील लिप्यांना ‘युनिकोड’ या पद्धतीने क्रमांक दिलेले आहेत. त्यात व्यंजन, मात्रा, अनुस्वार व हलन्त यांना स्वतंत्र क्रमांक आहेत. ‘भंडारा’ या शब्दात मुले तीन अक्षरे मोजतील. पायथन सहा मोजते : भ, अनुस्वार, ड, काना, र, काना. शब्दांतील अक्षरे मोजण्याचा खेळ तयार करणाऱ्या शिक्षकाने हे ध्यानी घ्यावे.

दुसरी गोष्ट अनुक्रमाची. यंत्र नावे लावताना हेच क्रमांक पाहते. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. ‘क्ष’ हे जोडाक्षर यंत्र ‘क’पासून आरंभ होणारे मानते, म्हणून ‘क्षमा’ हे नाव ‘गणेश’च्या आधी लागते. वर्णमालेप्रमाणे क्रम हवा असल्यास तो वेगळा सांगावा लागतो.

तिसरी गोष्ट अधिक त्रासदायक आहे. ‘गोऱ्हे’ यासारख्या नावातील ‘ऱ’ एका क्रमांकाने लिहिता येतो, किंवा ‘र’ व खालचा नुक्ता अशा दोन क्रमांकांनीही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या दृष्टीने ती दोन नावे ठरतात आणि एकाच मुलाच्या दोन नोंदी होतात. पायथनच्या ग्रंथालयात मजकुराचे एकरूपीकरण करणारी सोय आहे. ती नाव साठविण्यापूर्वी वापरावी. काही कळफलक तिसऱ्याच रीतीने, म्हणजे ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह घालून हेच रूप उमटवितात. ते या सोयीने बदलत नाही. त्यासाठी वेगळी अदलाबदलीची आज्ञा लिहावी लागते.

६. चौकट म्हणजे काय?

वरील प्रोग्राम एका शिक्षकाच्या संगणकावर चालेल. परंतु शाळेतील पाचही शिक्षकांनी आपापल्या फोनवरून हजेरी भरावी, ती एका ठिकाणी साठावी, मुख्याध्यापकांना यादी दिसावी आणि इतर कोणास दिसू नये, असे ठरविले तर काम एकदम वाढते. नोंदीचा तक्ता, माहितीचा साठा, परवलीचा शब्द, पानांची मांडणी हे सारे लागते. प्रत्येक ॲप्लिकेशनमध्ये ही कामे पुन्हापुन्हा येत असल्याने ती एकदाच नीट करून ठेवलेली असतात. अशा तयार संचाला फ्रेमवर्क, म्हणजे चौकट, म्हणतात.

आपल्या जिल्ह्यातील मालगुजारी तलाव डोळ्यांपुढे आणावेत. कोहळी समाजातील जाणत्या लोकांनी जमिनीचा उतार पाहून पाळी बांधल्या आणि पाट काढले. आज रोवणी करणारा शेतकरी स्वतःचा तलाव खोदीत बसत नाही. तो आपली बांधी पाटाखाली आणतो आणि पाणी घेतो. चौकटीचा उपयोग असाच आहे. तिच्या मर्यादाही त्याच जातीच्या आहेत. पाट जेथून गेला आहे, तेथूनच पाणी घ्यावे लागते, म्हणजे चौकटीने ठरविलेली शिस्त पाळावी लागते. आणि गाळ काढला नाही तर तलाव निकामी होतो, तशी चौकटीची नवी आवृत्ती वेळेवर घेतली नाही तर सुरक्षिततेत दोष राहून जातात.

पायथनची सर्वांत प्रसिद्ध चौकट ‘जँगो’ ही होय. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावच्या वृत्तपत्रात एड्रियन होलोव्हाटी व सायमन विलिसन हे दोघे संकेतस्थळाचे काम पाहत. बातमीदारांना नवी पाने तातडीने हवी असत. त्या निकडीतून २००३ च्या सुमारास जँगोची घडण झाली आणि २००५ साली ती सर्वांसाठी खुली करण्यात आली. तिचे नाव जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून ठेवले आहे. जँगोमध्ये विद्यार्थी म्हणजे काय, हजेरी म्हणजे काय, याचे वर्णन लिहून दिले की नोंदी भरण्याची व पाहण्याची पाने ती स्वतः तयार करून देते. ‘फ्लास्क’ ही दुसरी चौकट २०१० साली आली. ती आटोपशीर असून थोडक्या पानांच्या कामास पुरेशी आहे.

अशी एक चौकट आपल्या महाराष्ट्रातही निर्माण झाली आहे. मुंबईचे ऋषभ मेहता व त्यांचे सहकारी यांनी व्यवसायाचा हिशेब ठेवणारे ‘ईआरपीनेक्स्ट’ हे खुले सॉफ्टवेअर तयार केले. ते ज्या पायावर उभे आहे, ती ‘फ्रॅपे’ ही चौकट पायथन व जावास्क्रिप्ट या भाषांत लिहिलेली आहे. तीत एखाद्या कागदी नमुन्याचे वर्णन केले की त्यावरून साठा, भरावयाचा तक्ता व कोणी काय पाहावे याचे नियम तयार होतात. नमुने भरण्यात आयुष्य गेलेल्या आपल्या वर्गास ही कल्पना समजण्यास जड जाऊ नये. ही चौकट विनामूल्य असून तिचा मूळ मजकूर कोणीही वाचू शकतो.

जावास्क्रिप्टचाही येथे उल्लेख केला पाहिजे. १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत केला. फोनवर वा संगणकावर पाने दाखविणारा प्रत्येक ब्राउझर ही भाषा जाणतो. म्हणून जावास्क्रिप्टमध्ये केलेला पाढ्यांचा खेळ फोनमध्ये साठवून ठेवला, तर इंटरनेट नसतानाही चालतो. पाठ्यपुस्तकांतील चौकोनी कोड ज्या ‘दीक्षा’ मंचाकडे नेतात, त्याच्या पायाशी असलेल्या ‘सनबर्ड’ या खुल्या संचातही जावास्क्रिप्टच्या चौकटी वापरलेल्या आहेत. अशा कोडांचा वर्गात उपयोग करून दाखविणारे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे आपणांस ठाऊकच आहे.

७. कोणत्या क्रमाने शिकावे?

पुष्कळ जण उत्साहाच्या भरात प्रथमच जँगो उघडतात आणि पंधरा दिवसांत कंटाळून सोडून देतात. बाराखडी न शिकता निबंध लिहावयास बसण्यासारखे ते आहे. पुढील क्रम हिताचा ठरेल.

पहिले दोन महिने केवळ भाषा शिकावी : संख्या व मजकूर, याद्या, जर-तर, पुनरावृत्ती आणि स्वतःच्या आज्ञासंचाला नाव देणे. रोज अर्धा तास पुरे. मात्र तो स्वतः लिहिण्यात जावा, केवळ पाहण्यात नव्हे. तिसऱ्या महिन्यात फाइलमधून नावे वाचणे व लिहिणे शिकावे आणि वरील गैरहजेरीचा प्रोग्राम पुरा करावा. चौथ्या महिन्यात ‘एस्क्यूलाइट’ या लहान माहितीसाठ्याची ओळख करून घ्यावी. तो वापरण्याची सोय पायथनबरोबरच मिळते. त्यानंतर साध्या वेबपानाची रचना, मग फ्लास्क आणि शेवटी गरज असेल तरच जँगो वा फ्रॅपे.

शिकण्याची साधने घरबसल्या उपलब्ध आहेत. मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लहान लहान दृक्‌श्राव्य पाठ तयार केले असून त्यांतील अनेक मराठीत ऐकावयास मिळतात. एका बाजूस पाठ व दुसऱ्या बाजूस आपले काम, असा सराव करावा, ही त्यांची पद्धत आहे. पायथन विनामूल्य असून अँड्रॉइड फोनवरही चालविता येते. केंद्रातील दोघा-तिघा शिक्षकांनी मिळून शिकल्यास अडलेल्या ठिकाणी वाट लवकर सापडते. चूक झाली की यंत्र ओळीचा क्रमांक व चुकीचा प्रकार सांगते. तो संदेश न घाबरता शेवटच्या ओळीपासून वाचण्याची सवय लावावी.

आता सांगितले की प्रोग्राम लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. मग शिकावयाचे कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्या साधनांचे साहाय्य अवश्य घ्यावे. परंतु रविवारच्या रकान्याचे काय केले आहे, हे वाचून ओळखता आले पाहिजे. लिहिलेले तपासता न येणाऱ्याच्या हाती चुकीची यादीही बरोबर यादीसारखीच दिसते.

८. दक्षता

मुलांची माहिती ही मुलांच्या व पालकांच्या विश्वासाची ठेव आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद केलेली आहे. म्हणून पुढील पथ्ये पाळावीत. सराव कल्पित नावांवर करावा. स्वतः केलेल्या ॲप्लिकेशनमध्ये आधार क्रमांक, जात, आजार वा बँकखाते यांच्या नोंदी घेऊ नयेत. सलग गैरहजेरीसाठी नाव, इयत्ता व हजेरी एवढेच पुरते. परवलीचा शब्द फळ्याशेजारी चिकटवू नये. माहितीची एक प्रत वेगळी ठेवावी. इंटरनेटवर काही ठेवण्यापूर्वी मुख्याध्यापकांची व गटशिक्षणाधिकाऱ्यांची अनुमती घ्यावी. आणि अधिकृत नोंद हजेरीपटाचीच राहील, हे विसरू नये.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये उच्च प्राथमिक स्तरावर मुलांना कोडिंगची ओळख करून देण्याचे सुचविले आहे. ती वेळ येईल तेव्हा ज्या शिक्षकाने स्वतः एक प्रोग्राम लिहून, चुकवून आणि दुरुस्त करून पाहिला असेल, त्याला मुलांसमोर उभे राहणे सोपे जाईल. आरंभ करण्यासाठी मोठ्या साहित्याची आवश्यकता नाही. आजच्या हजेरीपटातील मागचे पान उघडावे, सलग तीन खुणा कोणाच्या नावापुढे आहेत ते बोटाने मोजावे, आणि आपण नेमके काय केले ते पायऱ्यापायऱ्यांनी कागदावर उतरवावे. तो कागद हाच आपला पहिला प्रोग्राम होय. मात्र ज्या मुलाचे नाव त्यात सापडेल, त्याच्या घरी जाण्यासाठी पायथन शिकून होईपर्यंत थांबू नये.